डेलची परवानगी आवश्यक आहे

५ ऑक्टोबर, सोमवार

जॉइस म्हणाली, रोज चार ओळी लिहीत जा, म्हणजे माइकसमोर बसलीस की जीभ अडखळणार नाही. म्हणून ही वही. जॉइस आमच्या रेडिओ स्टेशनची मॅनेजर आहे. हवामान तीच सांगते, जाहिराती तीच वाचते आणि फरशीही तीच पुसते.

दर शनिवारी सकाळी आमच्याकडे 'द्या-घ्या' लागतं. लोक फोन करून सांगतात, घरात काय पडून आहे आणि त्याच्या बदल्यात काय हवंय. चर्चला न जाणारी माणसंसुद्धा हा कार्यक्रम चुकवत नाहीत. इतकी वर्षं म्हातारा तोइवो तो स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून चालवायचा, कारण स्टेशनात खुर्ची एकच आहे आणि ती जॉइसची. आता तोइवो थंडीला कंटाळून फ्लोरिडाला निघाला. किराणा दुकानात बर्फ ढकलायच्या यंत्रावरून मी एकाशी घासाघीस करत होते, ती जॉइसने मागे उभं राहून ऐकली आणि म्हणाली, "आर्लीन, तूच पाहिजेस मला."

अट एकच. महिनाअखेर घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम घालून चाचणीचं रेकॉर्डिंग पाठवायचं. जमलं नाही तर कार्यक्रम पास्टरच्या मेहुण्याला जाईल. तो नाकात बोलतो.

सदुसष्टाव्या वर्षी मला पहिल्यांदा कुणीतरी बोलायला बोलावलं आहे. हे मला हवं आहे, फार हवं आहे. इथे लिहून ठेवते, बाहेर कुणाला सांगणार नाही.

६ ऑक्टोबर, मंगळवार

प्रोग्रॅम बसत नाही. कॉम्प्युटर म्हणतो जागा नाही.

जागा कुणी खाल्ली ते लगेच दिसलं. डेलची हरणं. डेल माझा नवरा. त्याने जंगलात झाडांना कॅमेरे बांधले आहेत, समोर काहीही हललं की फोटो काढणारे. गेली अकरा वर्षं ते सगळे फोटो या मशीनमध्ये येऊन पडतात. त्यात हरणं थोडी. बाकी रॅकून, साळिंदर, वाऱ्याने हलणारी फांदी आणि डेलची स्वतःची पाठ.

डेल जूनमध्ये गेला. रॉन्डाबरोबर. तिचं मासेमारीचं दुकान आहे, गळाला लावायच्या अळ्या विकते. जाताना ट्रक नेला, बंदुका नेल्या, फ्रीझरमधलं मांस नेलं. हरणं माझ्याकडे ठेवून गेला.

सगळा फोल्डर निवडला आणि डिलीट दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: "या फोल्डरमध्ये बदल करण्यासाठी डेलची परवानगी आवश्यक आहे."

मी दोनदा वाचलं. मग उठून भांडी घासली. घासलेलीच होती, पुन्हा घासली.

८ ऑक्टोबर, गुरुवार

डेलला फोन केला. रॉन्डाने उचलला, मग त्याला दिला.

"डेल, कॉम्प्युटरचा पासवर्ड काय आहे?"

"कशाला?"

"जागा करायची आहे. मला रेडिओवर काम मिळतंय."

"तुला?" तो म्हणाला. "माझ्या हरणांना हात लावू नको, आर्लीन. पंधरा तारखेच्या आधी येऊन घेऊन जाईन. तोवर मशीन बंदच ठेव ना, तुला कशाला लागतंय?"

पंधरा नोव्हेंबरला शिकार उघडते, हंगाम सुरू होतो. त्या दिवशी इथे शाळा बंद असतात आणि लग्नं ठेवत नाहीत. पण माझं रेकॉर्डिंग महिनाअखेर आहे, हे मी त्याला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, बघू. हे 'बघू' मी अडतीस वर्षं ऐकलंय. त्यानंतर कुणी काही बघत नाही.

११ ऑक्टोबर, रविवार

चर्चच्या कॉफीला बर्निसला सगळं सांगितलं. बर्निस माझी मोठी बहीण. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, कॉम्प्युटरला आयुष्यात बोट लावलेलं नाही, पण मत आहे.

"म्हणजे नवरा गेला आणि त्याची परवानगी राहिली," ती म्हणाली. इतक्या मोठ्याने म्हणाली की पलीकडच्या टेबलावरच्या वेन टेर्वोने मान वळवली.

वेन निवृत्त होईपर्यंत कागदाच्या गिरणीत कॉम्प्युटर सांभाळायचा. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी वारली. नीटनेटका माणूस, दाढी रोज करतो. कॉफीचा कप घेऊन तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "डेलचे फोटो का? सगळे आहेत अजून? सेनेटरचेसुद्धा?"

सेनेटर म्हणजे डेलचं लाडकं नर हरिण. शिंगांचा असा पसारा की दारातून आत येणार नाही. डेल चार वर्षं त्याच्या मागे आहे आणि त्याचं नाव तालुकाभर झालं आहे. आहे कुठे, ते मात्र डेलने कुणाला सांगितलेलं नाही.

मी म्हटलं, असतील. वेन म्हणाला, "मंगळवारी येतो. काळजी सोड तू."

काळजी सोड, असं मला बऱ्याच दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

वेन आला. मी निसू भाजून ठेवला होता, आईच्या हाताचा वेलचीचा पाव. निळा ब्लाउज घातला होता. तो वरच पडला होता म्हणून घातला.

वेनने खिशातून पेनड्राइव्हची एक काडी काढली, मशीनला लावली, बंद केलं, चालू केलं, आणि तासाभरात डेलची मशीनवरची सत्ता संपली. आता आत शिरायला वेनचं नाव आणि वेनचा पासवर्ड. मी विचारलं, माझं नाव नको का? तो म्हणाला, "तुला कशाला डोकेदुखी? काय लागेल ते मी करून देतो ना."

किती वेगळा माणूस आहे. डेल असता तर नुसता खेकसला असता.

हरणं लगेच काढून टाकू म्हटलं तर म्हणाला, "अशी सरसकट काढायची नसतात. त्यात तुझं काही मोलाचं असलं तर? मी एकेक बघून काढतो." किती जपून काम करतो ते यावरून कळतं.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

वेन रोज दुपारी येतो. चष्मा कपाळावर चढवून एकेक फोटो बघतो. आज पाच रॅकून काढले. मी शेजारी बसून विणकाम करते. घरात कुणी श्वास घेतंय हे बरं वाटतं.

मध्येच विचारतो. "हा ओढा कुठला गं?"

"वाकडा ओढा. जुन्या खाणीच्या खाली."

"आणि हा बंधारा?"

"बीव्हरने बांधलेला. तिसरा, मोठा. मागे देवदाराचं पडलेलं झाड आहे."

मला सगळं माहीत आहे, कारण त्या कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या मी बदलायचे. डेलचे गुडघे धरतात. तो ट्रकमध्ये बसून रेडिओ ऐकायचा आणि मी जंगलात जाऊन यायचे. वेनला हे सांगितलं तर थक्क झाला. म्हणाला, "आर्लीन, तू म्हणजे चालता नकाशा आहेस." माझं इतकं लक्ष देऊन ऐकणारा माणूस मी पाहिला नव्हता. वहीत काही काही लिहूनही घेतो.

२० ऑक्टोबर, मंगळवार

वेन डेलच्या खुर्चीत बसतो. मी काही म्हटलं नाही, खुर्ची रिकामीच होती. मसाल्याचा कप्पा त्याने लावून दिला, आता मला वेलची सापडत नाही. म्हणाला, अशीच पद्धत बरी. असेल.

हॉटेलात पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, खायला गेलो होतो. मला गाजर घातलेली आवडत नाही. वेनने दोघांसाठी गाजरवालीच सांगितली. खाल्ली.

२४ ऑक्टोबर, शनिवार

आज शनिवार म्हणजे सौना. मागच्या अंगणातली सौना, गरम दगडांची घाम काढायची खोली, जूनपासून थंड होती. वेन म्हणाला, "चांगली सौना वाया घालवणं पाप आहे." लाकडं मी फोडली, त्याची पाठ दुखते. तो घाम काढून आला तेव्हा लालबुंद होता आणि खूश होता. मला म्हणाला, आता निखारे उरलेत, तू जाऊन ये हवं तर.

कोमट होती.

बर्निसला फोनवर सांगितलं.  ती म्हणाली, "जागा झाली का मशीनमध्ये?"

"होतेय. हळूहळू."

"किती रॅकून झाले?"

मी विषय बदलला.

२८ ऑक्टोबर, बुधवार

जॉइसचा फोन. रेकॉर्डिंग कुठे आहे? पास्टरचा मेहुणा रोज स्टेशनात येऊन बसतो म्हणे. खुर्ची एकच असल्यामुळे ती वैतागली आहे.

वेनला मी आज जरा आग्रहाने म्हटलं, आता सगळं काढूनच टाक. तो हसला. "रेडिओ कुठे पळून चालला का? तुझं एक टुमणं चालूच असतं." मग माझ्या खांद्यावर थोपटलं. थोपटलं हे खरं आहे, आणि मला ते गोड वाटलं हेही खरं आहे. पण ते 'टुमणं' मनात राहिलं. हा शब्द मी या घरात, याच खुर्चीतून, पूर्वी ऐकलेला आहे.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

वेन आज आला नाही, जंगलात लाकूड आणायला जातोय म्हणाला. मी म्हटलं, आपणच काढू. तो मला माझ्या साध्या नावाने आत जाता येईल असं करून गेला आहे, बघण्यापुरतं.

डिलीट दाबलं.

"या फोल्डरमध्ये बदल करण्यासाठी वेनची परवानगी आवश्यक आहे."

सुरक्षिततेसाठी केलं असेल. माझ्याकडून चुकून काही जायला नको म्हणून. तो तसा जपणारा आहे. असं मी अर्धा तास स्वतःला समजावलं. मग लक्षात आलं की डेलच्या वेळीही मी स्वतःला समजावण्यात असाच वेळ घालवायचे, आणि तेव्हाही भांडी घासायचे. हातात घासणी होती.

जॉइसला फोन करून आठवडा मागून घेतला. म्हणाली, "सात तारखेनंतर मात्र मला जमणार नाही, आर्लीन. चौदाला कार्यक्रम आहे."

१ नोव्हेंबर, रविवार

चर्चनंतर बर्निस मला कोट घालून बाहेर घेऊन गेली, गाडीत बसवलं आणि दार लावलं. बर्निस दार लावते तेव्हा कुणीतरी मेलेलं असतं.

"वेनने नवीन मचाण बांधलंय," ती म्हणाली. "काल आमचा धाकटा, लेस्टर, त्याला लाकडं पोचवायला गेला होता. कुठे, विचार."

मी विचारलं नाही.

"तिसऱ्या बंधाऱ्यावर. पडलेल्या देवदारासमोर. सांग, त्याला ती जागा कुणी दाखवली?"

मी खिडकीतून चर्चकडे बघत बसले. वेन पायऱ्यांवर उभा राहून पास्टरशी हसत होता, गाल गुळगुळीत, चकचकीत.

"तू त्याला वेलचीचा पाव खाऊ घातलास, आणि तो सेनेटर खायला बसलाय," बर्निस म्हणाली. मग तिने माझा हात धरला. आम्हा बहिणींमध्ये असं धरायची पद्धत नाही.

मला लाज वाटली. डेल गेला तेव्हा राग आला होता, लाज नव्हती वाटली. हरणाचं मला काही नाही, कुणीही मारावं. पण मी निळा ब्लाउज घातला होता.

घरी येऊन रडले. मग मसाल्याचा कप्पा पुन्हा माझ्या पद्धतीने लावला.

४ नोव्हेंबर, बुधवार

वाचनालयात गेले होते. तिथल्या बाईंनी, न काढता येणाऱ्या फाइली कशा काढायच्या, ते दोन कागदांवर छापून दिलं. वाचून एवढं कळलं की फोल्डरला मालक असतो. आधी मालक बदलायचा, मग नव्या मालकाला हक्क द्यायचे, टिचकी मारून. दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. नुसतं मालक होऊन काही करता येत नाही. बाईंना म्हटलं, हे मला माहीत होतं, फक्त कॉम्प्युटरला लागू आहे हे माहीत नव्हतं.

पण हे सगळं वेनच्या नावाने आत शिरल्याशिवाय होत नाही. पासवर्ड तो सांगणार नाही.

बर्निसला फोन केला. ती म्हणाली, "शनिवारी तो सौनेला येतोच ना? मशीन चालू ठेवून जातो?"

"जातो. आल्यावर पुन्हा बसतो."

"मग त्याला चांगली तापवून दे."

७ नोव्हेंबर, शनिवार

हे सविस्तर लिहायला हवं.

लाकडं मी बर्चची निवडली, ती धगधगतात. वेन चारला आला, फोटो बघत बसला, मग टॉवेल खांद्यावर टाकून अंगण ओलांडून गेला. मशीन तसंच, त्याच्या नावाने उघडं. तो सौनेत शिरताच बर्निस मागच्या दाराने आली. चष्मा, कागद आणि भिंग घेऊन आली होती.

"वाच," मी म्हटलं.

बर्निस पाककृती वाचते तशी वाचू लागली. "उजवं बटण दाबा. गुणधर्म निवडा. निवडलंस?"

"निवडलं."

"सुरक्षा. मग प्रगत. थांब, इथे काहीतरी सांडलंय, कॉफी असेल."

"बर्निस."

"मालक, आणि पुढे 'बदला' असं लिहिलेलं आहे. त्यावर दाब."

आधी मी स्वतःला मशीनची मुख्य केलं आणि वेनला साधा केला. ते सोपं निघालं. मग माझं नाव लिहिलं. आर्लीन कांगस. टिचकी मारली आणि काहीही कोसळलं नाही.

मग फोल्डर. एकामागून एक, मालक वेन, मालक वेन, प्रत्येक ठिकाणी आर्लीन. इतक्यात अंगणातून हाक आली.

"आर्लीन! पाणी संपलंय!"

बर्निसने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकी उघडून ओरडले, "आणते! तोवर एक फेरी आणखी घे!" आणि बर्निस बादली घेऊन गेली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने दार अर्धं उघडून बादली आत ढकलली आणि म्हणाली, "दगडांवर सगळं ओत, वेन, तब्येतीला चांगलं." आतून फुस्स झालं, मग शिव्या ऐकू आल्या.

शेवटचा फोल्डर होता 'सेनेटर'. मालक बदलला. हक्काची टिचकी मारायची तेवढ्यात सौनेचं दार आपटलं. बर्निस कागद ब्लाउजमध्ये खुपसून टेबलाशी पाव कापत बसली. मी विणकाम उचललं, उलटं.

वेन लालभडक होऊन आला, बर्निसला बघून जरा चमकला, आणि डेलच्या खुर्चीत बसला. खिशातून काडी काढली, लावली. 'सेनेटर' त्या काडीवर ओढला. त्याने आज तेच ठरवलं असणार.

मग तो पुढे वाकला. ओठ हलत होते.

"मोठ्याने वाच ना," मी म्हटलं. "माझा चष्मा नाही."

"या फोल्डरमध्ये," वेन म्हणाला आणि थांबला.

"पुढे?"

"बदल करण्यासाठी आर्लीनची परवानगी आवश्यक आहे."

बर्निस म्हणाली, "पाव घेणार का, वेन? शेवटचा आहे."

तो कोट घालून गेला. जाताना म्हणाला, की मी उपकार विसरणारी बाई आहे. लाकडं मी फोडली, पाव मी भाजला, हरणांचा पत्ता मी दिला. कुठला उपकार विसरले ते आठवत बसले होते थोडा वेळ.

मग बाकीचे सगळे फोल्डर नीट हक्कासकट माझ्या नावावर केले आणि रॅकून, साळिंदरं, फांद्या आणि डेलची पाठ, सगळं काढून टाकलं. प्रोग्रॅम बसला. रेकॉर्डिंग करून पाठवलं. बर्निसने कोंबड्या विकणाऱ्या बाईचं काम केलं आणि फार लांबवलं.

'सेनेटर' तेवढा तसाच ठेवला आहे, टिचकी न मारता.

९ नोव्हेंबर, सोमवार

जॉइस म्हणाली, "तू बोलतेस तेव्हा माणसाला वाटतं की तुझ्याकडे काहीतरी विकायला आणावं." मिळालं काम.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

डेल आला. दार वाजवलं नाही, किल्ली अजून त्याच्याकडे आहे. बाहेर ट्रकमध्ये रॉन्डा बसली होती. तिने मला हात हलवला, मीही हलवला. तिच्यावर मला राग नाही. डेलही न विचारताच सांगायचा, तिलाही आता गाजरवाली पास्टी खावी लागत असेल.

"हरणं न्यायला आलोय," म्हणाला आणि खुर्चीत बसला. पडद्यावर तीच अक्षरं आली. डेल त्याच्या नेहमीच्या सवयीने तीच कळ जोरजोरात दाबत राहिला.

"हे काय आहे?"

"लिहिलंय ते."

"मग दे ना परवानगी."

"तू मागितलीस कुठे?"

माझ्याकडे तो असा बघत राहिला की मला त्याची कीव आली. खरंच त्याला कळत नव्हतं. अडतीस वर्षांत त्याने काही मागितलेलं नव्हतं. तो सांगायचा, आणि व्हायचं. "पोरखेळ करू नको, आर्लीन," तो म्हणाला. "रविवारी शिकार उघडते. सेनेटर यंदा कुठल्या वाटेने येतो ते त्या फोटोंत आहे. चार वर्षं, आर्लीन."

"मग मागून बघ."

उठला. दारात वळून म्हणाला, "रेडिओवर बोलणार म्हणे तू. ऐकणार कोण?" आणि गेला. किल्ली मागायची राहिली. कुलूपच बदलते.

१४ नोव्हेंबर, शनिवार

पहिला कार्यक्रम झाला. पाय अजून गार आहेत.

सुरुवातीला कागदावरचंच वाचत होते. मग पहिला फोन आला, एका माणसाला पाळणा देऊन कुऱ्हाड हवी होती. मी विचारलं, मुलं मोठी झाली का वैतागलात? तो हसला आणि मलाही सुचत गेलं. कोंबड्या गेल्या, एक गादी गेली, एका बाईने नवऱ्याचं अकॉर्डियन काढलं. नवऱ्याने मागून फोन हिसकावून परत घेतलं. शिकारीच्या आदल्या दिवशी घराघरांत बंदुका पुसत बसलेले असतात आणि रेडिओ चालू असतो, त्यामुळे आज सगळा तालुका ऐकत होता.

शेवटची दहा मिनिटं उरली होती. फोन वाजला.

"द्या-घ्या. काय आहे तुमच्याकडे?"

"मी बोलतोय."

आवाज ओळखला. माझा फोन मी उचलत नाही म्हणून त्याने कार्यक्रमाचा नंबर लावला होता. क्षणभर वाटलं ठेवून द्यावा. पण कार्यक्रमाला नियम आहे, आलेला फोन ठेवायचा नाही. तोइवोने दारू प्यालेल्यांचेसुद्धा घेतले.

"नमस्कार," मी म्हटलं. "आपल्याला काय हवंय?"

"तुला माहितीये काय हवंय."

"ऐकणाऱ्यांना माहीत नाही. नियम आहे, काय हवंय आणि कुणाकडून, स्पष्ट सांगायचं."

 तिकडे मागून रॉन्डा हळूच म्हणाली, "माग ना, डेल, दुकान उघडायचंय मला." सगळ्या तालुक्याने ते ऐकलं.

"फोटो हवेत," डेल म्हणाला. "हरणाचे. आर्लीनकडून." घसा खाकरला. "आर्लीन, परवानगी देशील का?"

हे वाक्य ऐकून काय वाटलं ते इथे खरं लिहिते. वाईट वाटलं. विजय-बिजय काही नाही. इतकं सोपं होतं, चार शब्दांचं, आणि त्याला ते म्हणायला सगळा तालुका मध्ये घ्यावा लागला. लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणाला असता तर मी त्याला सगळं जंगल दिलं असतं.

"दिली," मी म्हटलं. "आणि बदल्यात काही नको. मंडळी, लिहून घ्या, ही वस्तू फुकट आहे आणि सगळ्यांसाठी आहे. सेनेटर हवा असेल तर जुन्या खाणीखाली वाकडा ओढा, तिसरा बीव्हरचा बंधारा, पडलेल्या देवदारामागे. उजाडता उजाडता येतो. तिथे एक मचाण बांधलेलं आहे, वेन टेर्वोचं. तो मोकळ्या मनाचा माणूस आहे, सरकून जागा देईल."

 मग मी जॉइसने लिहून दिलेलं हवामान वाचलं.

१५ नोव्हेंबर, रविवार

बर्निस सकाळीच आली, तिच्याकडे बातम्या होत्या. खाणीच्या रस्त्यावर ट्रकच ट्रक, वळायला जागा नाही. शिकाऱ्यांचे नारिंगी कोट झाडाझाडाखाली. रॉन्डाने ट्रकच्या मागे कॉफी विकायला काढली आणि ती संपली. डेल आणि वेन एकाच देवदाराच्या दोन टोकांना बसून एकमेकांकडे न बघता बंधाऱ्याकडे बघतायत. बंधाऱ्यावर एक बीव्हरसुद्धा फिरकला नाही.

"बिचारं हरिण गेलं कुठे?" बर्निस म्हणाली.

मी तिला खिडकीशी नेलं. आमच्या अंगणात, सौनेच्या मागे, जुन्या सफरचंदाच्या झाडाखाली तो उभा होता. शिंगांना बर्फ लागलेला. पडलेली सफरचंदं निवांत चावत होता. घराजवळ गोळी झाडायला बंदी आहे, ते त्याला आमच्यापेक्षा आधी कळलं होतं. जंगलात माणसांची वर्दळ झाली की तो दर वर्षी इकडेच येतो. पंधरा तारखेला डेल बंधाऱ्यावर असायचा आणि मी इथे भांडी घासत याला बघायचे.

"तू डेलला कधी सांगितलं नाहीस?" बर्निसने विचारलं.

"त्याने विचारलं नाही."

मग आम्ही मशीनसमोर बसलो. आता त्या शेवटच्या फोल्डरचं काय करायचं? काढूनच टाकावा म्हणून डिलीट दाबलं. अक्षरं आली: "या फोल्डरमध्ये बदल करण्यासाठी आर्लीनची परवानगी आवश्यक आहे."

"अगं, ती तूच ना?" बर्निस म्हणाली. "कागद आणलाय मी. एक टिचकी राहिलीय फक्त. दे की परवानगी."

मी त्या ओळीकडे बघत राहिले. माझं नाव बरोबर लिहिलं होतं.

"देईन," मी म्हटलं. "मशीनला विचारू दे अजून थोडं."

आणि टोपलीत सफरचंदं घेऊन मी मागच्या दाराने बाहेर गेले.